पहिली तू मर

माझ्या पायाला भिंगरी लागली आहे, असं आई अख्ख्या कोळीवाड्याला सांगायची. खोटं नव्हतं ते. जेवायला बसले तरी माझा एक गुडघा हलत असायचा, ताटातली वाटी डुचमळायची, कोळंबीचा रस्सा भातात जायचा, आणि आई ओरडायची, "ठेव तो पाय जाग्यावर, नायतर बोटीच्या दोराला बांधून ठेवीन." आज साठी उलटली, दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारलाय, तरी बँकेत टोकन घेऊन बसा म्हटलं की मी उभीच राहते. तेव्हाचं तर विचारू नका. बी.ए. झाले होते, पास झाले होते, आणि पास होऊन अंधेरीच्या बाजारात आईच्या शेजारी पाटावर बसून पापलेटं साफ करत होते. आत्या दर रविवारी एक स्थळ आणायची. स्थळाची एकच गोष्ट सांगायची, "घरची बोट हाय." जसं काही मला बोटीशीच लग्न करायचं होतं.

आमचं घर जुहूच्या कोळीवाड्यात. दोन खोल्या, मागच्या दाराला जवळा वाळत घातलेला, त्यावर डोळा ठेवून बसलेली चार मांजरं, आणि मांजरांवर डोळा ठेवून बसलेले माझे बाबा, कारण कंबर धरल्यापासून त्यांचं समुद्रावर जाणं सुटलं होतं. सकाळी पहिला आवाज समोरच्या नानीकडे बर्फ फोडण्याचा. नानीचा नवरा बर्फाचा धंदा करायचा, म्हणून गल्लीतला एकुलता एक फोन त्यांच्याकडे. सगळ्यांच्या नोकऱ्या, मयती, बारशी त्या काळ्या फोनातून यायची. कुठलाही फॉर्म भरायचा झाला की आम्ही तोच नंबर लिहायचो आणि पुढे पी.पी., म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, असं लिहून मोकळे व्हायचो. फोन आला की नानी गॅलरीतून नावाने हाक मारणार, ज्याचं नाव तो धावणार, आणि तो घरी नसेल तर जो कुणी फोन घेईल त्याने निरोप पोचवायचा. उन्हातान्हात, भांडण असलं तरी, अबोला असला तरी. आमच्या गल्लीत एकमेकांची जाळी फाडणारी माणसं होती, पण निरोप कुणी गिळला नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे.

वंदना माझी कॉलेजची मैत्रीण. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतली; वडील पाणीखात्यात, आई शाळेत शिपाई. दोन बस बदलून अंधेरीला कॉलेजात यायची आणि उशीर झाला की प्रोफेसरांसमोर असा काही चेहरा करायची की तेच सॉरी म्हणायचे. आमची गट्टी जमली ती एका पिक्चरमध्ये. कुठला ते विचारू नका, सगळे सारखेच होते. दोन मित्र असायचे, एक चोर आणि एक पोलीस, किंवा एक गरीब आणि एक श्रीमंत. दोघांचं एकाच बाईवर प्रेम. दोघंही एकमेकांसाठी ती बाई सोडून देणार, आणि बाईला विचारणार कुणी नाही. शेवटी एकजण गोळी खाऊन दुसऱ्याच्या मांडीवर मरणार. तो मरत होता, थिएटर रडत होतं, आणि वंदना माझ्या कानात म्हणाली, "एवढ्या वेळात रिक्षाने हॉस्पिटलला पोचले असते गं." झालं! मी जी फुटले ती थांबेना. मागच्या काकांनी खांद्यावर टकटक करून विचारलं, "तुमच्या घरी कुणी मेलं तरी अशाच हसाल का?" वंदनाने मागे वळून अगदी गंभीरपणे विचारलं, "तुमच्या घरी मरायला इतका वेळ लावतात का, काका?" डोअरकीपरने आम्हाला बाहेर काढलं.

बाहेर पायरीवर बसून आम्ही ठरवलं की आपण पिक्चर काढायचा. दोन बायांचा. चोऱ्या, पाठलाग, पिस्तूल, सगळं घालायचं, आणि दोस्तीची पार वाट लावायची. कथा मी लिहिली, डायलॉग मी लिहिले, हे मी आजही कुणी न विचारता सांगते. चंपा आणि गुलाब या दोन जिगरी चोरट्या. चंपा मी, गुलाब वंदना. दोघी एका दलालाचा सोन्याचा हार चोरतात, लपवायला म्हणून एका माशाच्या पोटात घालतात, आणि तो मासा कुणीतरी विकत घेऊन जातं. मग तो कुठल्या घरात शिजतोय ते शोधत दोघी दारोदार फिरतात. दर संकटात एकमेकींसाठी प्राण द्यायच्या शपथा घेतात आणि दर संकटात एकमेकींना पुढे ढकलतात. पिक्चरमधले मित्र म्हणतात ना, 'पहिला मी मरेन', तर आमच्या पिक्चरचं नाव होतं 'पहिली तू मर'. ज्या ज्या गोष्टींची टर उडवायची त्यांची मी वहीत यादी केली होती. त्यात वंदनाने तिच्या गोल अक्षरात एक ओळ घातली होती : मित्राचा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेणे. त्यापुढे कंसात लिहिलं होतं, हे सर्वात भंकस.

कॅमेरा वंदनाच्या मामाचा. रमेशमामाचं घाटकोपरला लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. एरवी त्याने कॅमेऱ्याला हात लावू दिला नसता, पण पितृपक्षात लग्नं नाहीत, साखरपुडे नाहीत, वास्तुशांत नाही. पंधरा दिवस कॅमेरा कपाटात झोपणार आणि मामा दुकानात माशा मारणार. "पंधरवड्यात काय ते करा," मामा म्हणाला, "घटस्थापनेपासून मला गरब्याचे बुकिंग आहेत." आई भडकली. "पितरांच्या दिवसांत कोन नवीन काम काढतो गो, शेवंते? वाटोळं होईल." वंदना चुलीपुढे बसून भाकरी खात होती. ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडे पितर जेवायला येत नाहीत. वाटोळं झालं तर माझ्या नावावर टाका." आईला ते इतकं आवडलं की तिने तिला अजून एक तांदळाची भाकरी वाढली आणि वर कोलिमची, म्हणजे अगदी बारीक जवळ्याची, चटणी. आईचा राग असाच, पोटातून यायचा आणि पोटातच विरायचा. माझा तसा नाही, माझा मुरतो.

रमेशमामाचं शूटिंग म्हणजे एक वेगळाच पिक्चर होता. लग्नात कुणी टेपमध्ये आलं नाही तर रुसवा होतो, म्हणून त्याला सवय लागलेली, जमलेल्या प्रत्येक माणसावरून कॅमेरा हळूहळू फिरवायचा. आम्ही दोघी दलालाच्या मानेवर सुरा ठेवून उभ्या, आणि मामा गल्लीत बघायला जमलेल्या पन्नास माणसांवरून सावकाश कॅमेरा नेतोय. "मावशी, जरा पदर नीट करा. काका, इकडे बघा, हसा." आम्ही पळत असलो की म्हणायचा, "नवरी थोडी हळू." पाठलागात तो कॅमेरा घेऊन थांबला, कारण वाटेत कुणाच्या तरी ताटात जेवण दिसलं आणि जेवणाचा क्लोजअप घेतल्याशिवाय त्याचा हात पुढे जाईना. मासा म्हणून मला घोळ हवा होता. आई म्हणाली, "घोळ पायजे? तुज्या लग्नाला आणीन." तिने एक शिंगाळा दिला, तोही उरलेला. तोच शिंगाळा आम्ही दिवसभर वापरायचो आणि संध्याकाळी नानीच्या बर्फात ठेवायचो. पाचव्या दिवशी त्याला असा वास सुटला की कोळीवाड्यातली माणसं, जी जन्मभर वासातच राहिली, तीसुद्धा नाक धरून लांब उभी राहिली. वंदना त्याला 'साहेब' म्हणायची.

दहाव्या दिवशी बंदरावर आम्ही गुलाबच्या मरण्याची तालीम करत होतो. बघणाऱ्यांत एक पांढऱ्या बुटातला माणूस होता. तो कुठल्याशा सीरियलसाठी जागा बघत फिरत होता, दिग्दर्शकाचा असिस्टंट. वंदना मरत होती. मरता मरता तिने एकदा डोळा उघडून मांजर शिंगाळ्याकडे सरकतंय का ते पाहिलं, हाताने त्याला हुसकलं, आणि परत मेली. हे मी लिहिलेलं नव्हतं. तो माणूस इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. नंतर त्याने डायरी काढली. मी पुढे होऊन म्हटलं, "कथा, संवाद माझे आहेत." "हो का, छान," तो म्हणाला आणि वंदनाला विचारलं, "तुमचा नंबर?" डोंगरावर कुठला फोन! वंदनाने नानीचा नंबर दिला आणि माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "पी.पी. लिहा. हिला सांगितलं म्हणजे मला सांगितलंच."

त्यानंतरचे दिवस मी कशी राहिले ते माझं मला माहीत. नानीच्या गॅलरीचं दार वाजलं की मी ओट्यावरून उडी मारायची. भाजी जळायची, दूध उतू जायचं. बाबा म्हणाले, "पोरीला मुंग्या चावतायत काय?" मला काय हवं होतं ते आता लपवून काय करू? मला तो फोन माझ्यासाठी हवा होता. मला बाजारातला तो पाट नको होता, आत्याची बोट नको होती. मला वाटत होतं, डायलॉग माझे आहेत, कधीतरी कुणाला तरी कळेलच की. सोमवारी सकाळी नानीने हाक मारली, "शेवंते, फोन! नीट आयकू येत नाय, तुज्या दोस्तनीचा काय तो!" मी हातातला बांगडा तसाच टाकून धावले. पलीकडून पांढरे बूटवाला. "वंदना आहेत का?" मी म्हटलं, मी तिची मैत्रीण. "हां हां, तुम्ही त्या दुसऱ्या," तो म्हणाला. "त्यांना निरोप द्या. परवा, बुधवारी सकाळी दहाला जुहूला बंगल्यावर या म्हणावं. दहा म्हणजे दहा. दुपारी साहेब बाहेरगावी जातायत, परत आले की शूटिंगच सुरू. मोठा रोल आहे हो, साहेबांना मी सांगून ठेवलंय." पत्ता मी तळहातावर बॉलपेनने लिहिला. बंगला आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. फोन ठेवला तेव्हा नानी म्हणाली, "कोन व्हता?" आणि माझ्या तोंडातून आलं, "राँग नंबर."

त्या दुसऱ्या! अजून आठवलं की कानाची पाळी गरम होते. बांगडे साफ करता करता तळहातावरचा पत्ता धुऊन गेला. मला बरं वाटलं, आणि तो तोंडपाठ झालाय हे लक्षात आलं तेव्हा तितकंच वाईट वाटलं. दिवसभर मी स्वतःशी बोलत होते. सांगीन की, अजून वेळ आहे. उद्या सांगीन. तिला जमणार आहे का तसलं काम? तिचे वडील सोडणार आहेत का? मग मंगळवारी मी उठले आणि तिला सांगायलाच म्हणून घाटकोपरची बस धरली. हे खरं आहे, मी सांगायलाच गेले होते. आता मेट्रोने वीस मिनिटांत पोचते. तेव्हा दीड तास लागायचा आणि त्या दीड तासात माणूस चार वेळा मन बदलू शकतो. डोंगर चढून गेले. वंदनाच्या आईने समोर पिठलं-भाकरी ठेवली, खर्डा ठेवला, आणि म्हणाली, "बरं झालं आलीस, हिला जरा समजव, खाटेवर मरूनच राहिलीय सकाळपासून." वंदना खरोखरच खाटेवर मरण्याची प्रॅक्टिस करत होती, एकदा डावीकडे मान, एकदा उजवीकडे. तिच्या वडिलांनी सांगितलं, गुरुवारपासून ती कपड्यांच्या दुकानात बिलं करायला बसणार, बोलणी झाली. "बुधवारपर्यंत तुमचं ते नाटक उरका म्हणजे झालं."

मला डोंगराच्या कडेपर्यंत सोडायला आली तेव्हा वंदनाने विचारलं, "शेवंते, तो माणूस करेल का गं फोन?" ती हसत विचारत नव्हती. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच त्याचं नाव काढलं होतं. मला वाटायचं ती विसरली. ती रोज मोजत होती. "दुकानात बसायचं म्हणजे बसेन," ती म्हणाली, "पण एकदा कुणी बोलावलं असतं ना, नुसतं बोलावलं असतं तरी..." वाक्य तिने पुरं केलं नाही. ते वाक्य पुरं करायला माझ्या तोंडात शब्द तयार होते. मी म्हटलं, "असली माणसं कधी करतात का फोन! सोड गं." ती म्हणाली, "तेच ना." आणि मी उतार उतरून बसस्टॉपवर गेले, आणि उभ्याने घरी आले, जागा असूनही.

बुधवार, सर्वपित्री अमावास्या, कॅमेऱ्याचा शेवटचा दिवस. नऊ वाजता आम्ही बंदरावर. आईने दारात कावळ्यासाठी पान ठेवलं होतं, त्यातला वडा वंदनाने जाता जाता उचलला आणि आईची शिवी खाल्ली. आज गुलाबचं मरण घ्यायचं होतं, पिक्चरचा शेवट. माझ्या मनगटावर बाबांचं घड्याळ होतं, कारण चंपाने ते चोरलेलं असतं, आणि ते मेलं चालू होतं. मामाने लाल रंग कालवून वंदनाच्या ब्लाउजवर ओतला. सीन असा : गुलाबला गोळी लागते, ती चंपाच्या मांडीवर पडते आणि म्हणते, "तू पळ. माझी काळजी करू नकोस." चंपा म्हणते, "बरं," आणि उठून चालू लागते. गुलाब उठून बसते, "अगं, एकदा तरी नाही म्हण की!" मला फक्त एक शब्द म्हणायचा होता. दहाला पाच कमी. वंदना मांडीवर पडली, डोळे मिटले, म्हणाली, "तू पळ." माझ्या तोंडातून आवाज निघेना. मामा म्हणाला, "परत." दहा वाजले. मला वाटलं, संपलं, सुटले. आता सांगितलं काय, न सांगितलं काय! पण मी सुटले नव्हते. सव्वा दहा. माझा गुडघा उडत होता आणि त्यावर वंदनाचं डोकं उडत होतं. ती दातांत म्हणाली, "पाय हलवू नकोस, मेलेली मान हलतेय." पावणेअकरा. मामा म्हणाला, "टेप संपत आली, आता शेवटचं." वंदना पडली. डोळे मिटायच्या आधी तिने माझ्याकडे बघून डोळा मारला, घाबरू नकोस, जमेल, असा. आणि म्हणाली, "तू पळ. माझी काळजी करू नकोस."

मी म्हटलं, "वंदे, फोन आला होता."

ती तशीच पडून राहिली. मी म्हटलं, "सोमवारी आला होता. तुला बोलावलंय. आज दहाला. मी सांगितलं नाही तुला." तिने डोळे उघडले. खालून, माझ्या मांडीवरून ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठून बसली आणि हळूच म्हणाली, "किती वाजले?" कॅमेऱ्यामागून मामा खूश होऊन म्हणाला, "डायलॉग बदलला काय? हा चांगलाय!"

आम्ही धावलो. तिची साडी लाल रंगाने भिजलेली, माझ्या हाताला तोच रंग, अंगाला 'साहेबां'चा वास. रिक्षावाल्याने आम्हाला बघून रिक्षा पळवली, म्हणून सबंध रस्ता पायीच धावलो. बंगल्याच्या वॉचमनने फाटकाला आतून कडी घातली आणि विचारलं, "बाई, पोलिसात जायचं सोडून इथे कुठे आलात?" आरडाओरड ऐकून पांढरे बूटवाला बाहेर आला. वंदनाला बघून कपाळाला हात लावला. "अहो, साडेदहापर्यंत थांबले साहेब! मग दुसरी मुलगी होती तिला घेतलं, आत्ताच गेले. मी इतकं सांगून ठेवलं होतं तुमच्याबद्दल." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "निरोप दिला नव्हता का तुम्ही?" मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. पण वंदना माझ्या आधी बोलली, धापा टाकत, अगदी स्वच्छ आवाजात. "दिला होता हिने. मलाच यायचं की नाही ते ठरत नव्हतं." तो म्हणाला, "मग आता काय उपयोग!" आणि आत गेला. उघडलेलं तोंड मी मिटलं.

तिथून ती जी चालत सुटली ती थेट चौपाटीवर, पाण्यात. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून रंग धुवत होती आणि रंग जात नव्हता. मी काठावरून "वंदे, वंदे" करत होते. बाहेर आली आणि म्हणाली, "एक शब्द बोलू नकोस. दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही." मी मान हलवली. ती म्हणाली, "मंगळवारी तू माझ्या घरी भाकरी खाल्लीस गं." आणि तेव्हा ती रडली. पिक्चरमध्ये रडतात तशी नाही, नाक पुसत, चिडून, लोक बघतात म्हणून पाठ करून. मी काही बोलू शकत नव्हते, तिनेच मला मनाई केली होती. ती गेल्यावर मी तिथेच उभी राहिले, आणि आयुष्यात एकदाच असं झालं की माझा पाय हलला नाही.

गुरुवारी ती दुकानात बसली. सगळ्यांना एकच सांगायची, बोलावणं आलं होतं पण मलाच जायचं नव्हतं. आईला सांगितलं, वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, शहाणी आहे पोरगी. आत्याने मला तिचं उदाहरण दिलं. आणि मी ते चालू दिलं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात उभी, हातात चिवड्याचा डबा. "मामाने टेप जोडलीय," म्हणाली. "आमच्या विहाराच्या हॉलमध्ये दाखवतोय रविवारी. ये." रविवारी हॉल भरलेला, माझे आईबाबा, नानी, डोंगरावरची सगळी वस्ती. मामाने दरोड्यावर बदामाच्या आकाराची चौकट टाकली होती आणि पाठलागाला सनई. लोक हसून लोळत होते. मग शेवट आला. दुसरा टेक कुठलाच धड नव्हता, म्हणून मामाने तोच ठेवला होता. पडद्यावर मी म्हणाले, "फोन आला होता. तुला बोलावलंय. मी सांगितलं नाही तुला." हॉल फुटला. तेवढा हशा अख्ख्या पिक्चरमध्ये झाला नव्हता. नानीच तेवढी हसली नाही, ती मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. माझ्या शेजारी वंदना बसली होती. ती लोकांबरोबर टाळ्या वाजवत होती, आणि टाळ्या वाजवता वाजवता तिने माझ्या हलणाऱ्या गुडघ्यावर हात ठेवून तो दाबून धरला.

पुढे वंदना दुकान सोडून शिक्षिका झाली. वर्गात ती इतकी सुंदर मरायची की पोरं इतिहासाच्या तासाची वाट बघायची. मी जाहिरातींसाठी लिहिलं, वर्तमानपत्रात लिहिलं, बरं चाललं. आत्याची बोट टळली. आता वंदना कांजूरमार्गला मुलाकडे असते आणि मी महिन्यातून दोनदा जाते. गेल्या महिन्यात गेले तर तिच्या नातीने ती टेप कुठूनतरी मोबाइलवर उतरवून आणलेली. आम्ही तिघी सोफ्यावर, मध्ये फोन, वंदनाने केलेल्या कांदाभज्यांची बशी. शेवटचा सीन आला तशी पोरगी किंचाळली, "शेवंती आजी, कसला भारी ट्विस्ट आहे! कसा सुचला तुला?" आणि मग तिच्या आजीकडे वळून, "आणि खरंखुरं बोलावणं आलं तेव्हा तू गेली नाहीस ना? किती वेडी होतीस!" वंदना भज्याचा तुकडा मोडत, सवयीने, रोजचं गाणं म्हणावं तसं म्हणाली, "अगं, मलाच जायचं..."

"सुचला नाही तो," मी म्हटलं. "खरं आहे ते. तिच्यासाठी फोन आला होता आणि मी मुद्दाम सांगितलं नाही. तिला जायचं होतं. तिला फार जायचं होतं." पोरगी एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागली. मोबाइलवर सनई वाजत होती. माझे दोन्ही गुडघे थरथरत होते, म्हातारपणाने म्हणा नाहीतर कशाने म्हणा. वंदनाने हातातलं भजं बशीत परत ठेवलं. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"आता कशाला सांगितलंस गं?" ती म्हणाली. "सगळे डायलॉग तुझे. माझा आपला एक होता, तोही घेतलास."